कोहाकु २१ साठी इकादा सज्ज आहे

३ ऑक्टोबर, शुक्रवार

ठरलं. यंदा पहिला नंबर आपला.

कोहाकु भाषेचं नवं व्हर्जन दरवर्षी पंचवीस डिसेंबरला येतं. यंदा एकविसावं. गेल्या खेपेला विसावं आलं तेव्हा आपली इकादा त्यावर धड चालायला अकरा जुलै उजाडला. त्यात माझी चूक नव्हती. आधी सर्दी, मग चेरीचा बहर, मग कंबर. तरी लोक बोलले. लोकांचं काय जातंय बोलायला!

इकादा म्हणजे फ्रेमवर्क, वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा. सोळा वर्षांपूर्वी मी एकट्याने लिहिला. हिसाएला सोळा वर्षं हेच समजावतोय. काल शेजारणीला सांगत होती, "आमचे हे कॉम्प्युटरमध्ये तराफे बनवतात." नावाचा अर्थ तराफा, एवढंच तिच्या डोक्यात शिरलंय. बायको आहे म्हणून सोडून दिलं.

संकल्प: रोज सकाळी तलावापर्यंत चालणं. गोड बंद. आणि कुणालाही मूर्ख म्हणायचं नाही, मनातसुद्धा. म्हटलंच तर इथे आकडा लिहायचा.

आज मूर्ख: चार. पण संकल्प उद्यापासून.

५ ऑक्टोबर

२१ चं चाचणीसाठी काढलेलं व्हर्जन उतरवून घेतलं. इकादाच्या २३१६ टेस्ट आहेत. एकेक टेस्ट एकेक बारीक गोष्ट तपासते. पास झाली की हिरवा ठिपका, नापास झाली की लाल. बाकीचे फ्रेमवर्कवाले आठवडाभर गळा काढतायत, आमचे दोनशे लाल, आमचे चारशे लाल.

कमांड दिली आणि चहा करायला गेलो. परत येतो तर सगळे हिरवे. २३१६ पैकी २३१६! अगदी २० वर दिसायचे तसेच, एका ठिपक्याचाही फरक नाही. वेळसुद्धा तेवढाच, चार मिनिटं. याला म्हणतात बांधणी.

म्हणजे लोक तीन महिने घाम गाळणार ते काम मी चहाच्या वेळात संपवलं. आता तीन महिने काय करायचं हा खरा प्रश्न आहे. आनंदात दोन मांजू खाल्ले. गोड बंद सोमवारपासून.

७ ऑक्टोबर

कादोवाकी-सानची मेल. ही बाई इझुमोच्या एका शाळेत ग्रंथपाल. सहा वर्षांपूर्वी स्वतःहून आली, इकादाच्या कामात हातभार लावू का म्हणाली. लाव म्हटलं. फुकट काम करते, म्हणून मीही तिच्याशी आपुलकीने वागतो, म्हणजे मेलला उत्तर देतो.

तर तिने यादी पाठवलीय. इकादात एक्केचाळीस जागा अशा आहेत म्हणे की २१ वर अडकणार. अमुक पद्धत काढून टाकलीय, तमुक आता चालत नाही. एक्केचाळीस! शाळेतल्या पुस्तकांना लेबलं लावणाऱ्या माणसाला सगळीकडे लेबलंच दिसणार.

मी कळवलं, सगळं हिरवं आहे, काळजी नसावी. तर पुन्हा मेल: "कुसाकाबे-सान, टेस्ट सुरू झाल्या की सगळ्यात वर एक ओळ येते. तिच्यात काय लिहिलंय तेवढं बघाल का?"

मी लिहिलं: मी निकाल वाचतो. पहिल्या ओळी वाचायला ग्रंथपाल आहेत.

चांगलं जमलंय वाक्य. जेवताना हिसाएलाही ऐकवलं. ती म्हणाली, "मग वाचायची ना एक ओळ, हात झिजतात का?" आज मूर्ख: दोन.

१२ ऑक्टोबर

चालायला निघालो. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या मशीनपर्यंत पोचलो. गुडघा. तलाव काही पळून जात नाही.

१८ ऑक्टोबर

स्टेशनजवळच्या हॉलमध्ये कोहाकुवाल्यांची महिन्याची बैठक. माझं भाषण: 'नव्या व्हर्जनला भिऊ नका'. चौतीस स्लाइड. सात श्रोते, त्यातला एक झोपलेला. झोपला म्हणजे मनातली भीती गेली, असा अर्थ मी काढला.

'हागाने' फ्रेमवर्कचा नाबेशिमा-सान उठून म्हणाला की त्याच्याकडे ३१२ टेस्ट लाल आहेत, दर आठवड्याला पस्तीस-चाळीस दुरुस्त करतायत. सगळ्यांसमोर सांगतो! लाज नावाची चीज नाही. वर वाकून मलाच विचारतो, "कुसाकाबे-सान, तुम्हाला इतकं सहज कसं जमलं?"

मी म्हटलं, शिस्त.

त्याने वहीत लिहून घेतलं. बिचारा. (बिचारा म्हणजे मूर्ख नव्हे. मोजलेला नाही.)

२ नोव्हेंबर

हिसाए म्हणते, आताशा तुमच्या स्क्रीनवर ते पिवळं पिवळं दिसत नाही. दिसणार कसं? ते वॉर्निंगचे मेसेज होते, 'ही पद्धत लवकरच बंद होणार' छापाचे, नऊशे-साडेनऊशे असतील. उन्हाळ्यात डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, पिवळ्या उजेडाने डोळ्यांवर ताण येतो. एका सेटिंगने सगळे बंद केले. डोळे आता उत्तम आहेत.

तिला हे सांगितलं तर म्हणते, "अहो, डॉक्टर दिव्याबद्दल बोलत होते." सगळं हिलाच माहीत.

९ नोव्हेंबर

महत्त्वाचा दिवस. ओचिआई-सानबरोबर सोबाच्या शेवया खाल्ल्या.

ओचिआई-सान तलावाकाठच्या गरम झऱ्यांवरच्या सरायांच्या संघाचे चिटणीस. एकोणीस सराया. त्यांचं सगळं बुकिंग इकादावर चालतं. खरं सांगायचं तर सध्या इकादावर फक्त त्यांचंच चालतं. दर्जेदार वस्तूला गिऱ्हाईक थोडकंच असतं.

त्यांचं म्हणणं असं. सर्व्हरवाली कंपनी फेब्रुवारीत सगळं २१ वर नेणार. गेल्या खेपेला इकादा रखडली आणि ऐन मेच्या सुट्यांत बुकिंग दोनदा बंद पडलं. एका सराईत एकाच खोलीला तीन कुटुंबं येऊन उभी राहिली. मालकीणबाईंनी स्वतःची झोपायची खोली दिली आणि आठ दिवस स्वयंपाकघरात पथारी टाकली. तेव्हा इकादावर राहायचं की दुसरीकडे जायचं, हे संघाला यंदा वर्षअखेरीच्या आत ठरवायचंय.

मी म्हटलं, ठरवायचं काय त्यात? आपण सज्ज आहोत. सज्जच नव्हे, जगात पहिले. आणि तिथेच टेबलावर कागद काढला, लिहिलं, 'इकादा कोहाकु २१ वर पूर्णपणे चालते', तारीख घातली, खिशातून माझ्या नावाचा शिक्का काढून उमटवला.

ओचिआई-सानांनी दातांतून हवा आत ओढली आणि म्हणाले, "विचार करतो." वासाबी जरा तिखट होतं, मलाही झोंबलं.

विचार करतो म्हणाले म्हणजे झालंच काम. ह्या एकोणीस गेल्या तर इकादा वापरणारं जगात कुणी उरणार नाही, हा विचार सोबा खाताना एकदा डोक्यात आला होता. तोही आता गेला.

१५ नोव्हेंबर

डोकं फिरलंय.

कादोवाकी-सानने एक्केचाळीस दुरुस्त्या करून पाठवल्या. मला न विचारता! दीड महिना शाळा सुटल्यावर बसून केल्या म्हणे. प्रत्येक दुरुस्तीसोबत टिपण, का केली, कुठे केली, कशी तपासली. आणि शेवटी विनंती: "सरायांना कागद दिलात असं कळलं. निदान या दुरुस्त्या तरी आत घ्या, म्हणजे तो कागद खरा होईल."

खरा होईल! म्हणजे सध्या खोटा आहे? माझा शिक्का खोटा?

एकेक दुरुस्ती उघडली आणि खाली 'गरज नाही' लिहून बंद केली. एक्केचाळीस वेळा. मनगट भरून आलं. सतराव्या नंबरची जरा बरी वाटली होती, पण अपवाद केला की लोक शेफारतात.

संध्याकाळी तिचं उत्तर आलं. एकच शब्द. "बरं."

अखेर पटलं म्हणायचं. आज मूर्ख: एक्केचाळीस धरायचे की एक? एकच धरतो.

१ डिसेंबर

पंधरा दिवसांत कादोवाकी-सानची एकही मेल नाही. किती शांत वाटतंय.

नववर्षाची कार्डं छापायला टाकली. बारा प्राण्यांच्या चक्रात येतं वर्ष घोड्याचं, म्हणून तराफ्यावर ऐटीत उभा घोडा. खाली ठळक: 'इकादा, कोहाकु २१ वर चालणारी जगातली पहिली फ्रेमवर्क. आपलाच, कुसाकाबे शिगेफुमि.' दोनशे चाळीस. सगळे कोहाकुवाले, एकोणीस सराया, नाबेशिमा, कॉलेजचे सर, डोळ्यांचे डॉक्टर. आणि एक स्वतःला, संग्रहासाठी.

हिसाए घोडा बघून म्हणाली, "हा बुडेल हो." मी म्हटलं, चित्रातलं तुला कळत नाही. तर म्हणते, "आधी ते एकवीस की काय ते येऊ तर दे. पंचवीसला येणार म्हणता ना? मग कार्डंही पंचवीसला टाका. पंचवीसपर्यंत टाकली तरी एक तारखेला सकाळी पोचतातच."

एवढी अक्कल असती तर हिनेच नसती का लिहिली फ्रेमवर्क?

१३ डिसेंबर

दोन चांगल्या गोष्टी.

एक, संघाकडून वर्षअखेरची भेट आली. मांजूचा मोठा खोका, दरवर्षीपेक्षा दुप्पट. वर ओचिआई-सानच्या हातची चिठ्ठी: "इतकी वर्षं आम्हाला सांभाळलंत, संघ आपला कायम ऋणी राहील." शिक्क्याचा परिणाम. हिसाएने चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली आणि म्हणाली, "अहो, हे निरोपासारखं नाही वाटत?" हिला लग्नाच्या पत्रिकेतही कुणीतरी गेल्याची बातमी दिसेल. गोड बंद जानेवारीपासून.

दोन, कोहाकुवाल्यांची सरतं वर्ष विसरायची पार्टी. मी उभं राहून थोडं बोललो, पाऊण तास. हागानेचे लाल ठिपके नऊवर आलेत म्हणे. नाबेशिमाचे डोळे खोल गेलेले. मी त्याच्या पेल्यात बिअर ओतली आणि म्हटलं, रडू नका, होईल तुमचंही कधीतरी. तो काहीतरी सांगणार होता. "कुसाकाबे-सान, तुमच्या फोल्डरमध्ये एकदा..." एवढं बोलला आणि शेजारच्याने त्याच्या ताटलीत तळलेला ऑक्टोपस वाढला. मग तो खायला लागला. सगळेच माझ्याशी फार गोड वागत होते. कुणी टिंगल केली नाही, कुणी वाद घातला नाही. दरारा म्हणतात तो हाच.

कादोवाकी-सान आली नव्हती. शाळेत काम असेल.

२४ डिसेंबर

कार्डं टाकली. लाल पेटीला नववर्षाच्या कार्डांसाठी वेगळी फट असते, तिच्यात गठ्ठे मावेनात. शेवटचा गठ्ठा हाताने दाबून आत सारला. हिसाए मागे उभी होती, म्हणाली, "एक दिवस थांबला असतात तर." परत येताना चक्क तलावापर्यंत चालत गेलो. गुडघा दुखला नाही.

२५ डिसेंबर, दुपारी ३.४०

आलं! कोहाकु २१ आलं. टेस्ट चालवल्या, सगळे हिरवे, चार मिनिटं. आता भाषेच्या साइटवर 'सज्ज फ्रेमवर्कची यादी' आहे तिच्यात नाव घालतो. यादी अजून कोरी आहे. हिसाए तळलेलं चिकन आणि केक आणायला गेलीय.

दुपारी ४.०५

यादीच्या फॉर्ममध्ये एक मूर्ख रकाना आहे. 'टेस्ट चालवल्यावर येणारी पहिली ओळ इथे डकवा.' काय खूळ आहे लोकांना या पहिल्या ओळीचं!

दुपारी ४.१५

पहिली ओळ: 'कोहाकु २०'.

दुपारी ४.२०

कॉम्प्युटर बिघडलाय.

दुपारी ४.५०

कॉम्प्युटर बिघडलेला नाही.

इकादाच्या फोल्डरमध्ये एक इवलीशी फाइल आहे. तिच्यात एकच आकडा, '२०'. ती फाइल असली की मशीनवर कुठलंही व्हर्जन टाका, या फोल्डरमध्ये विसावंच चालतं. कुणी टाकली ती इथे? कादोवाकीने? नाबेशिमाने?

ही रोजनिशी मागे उलटून पाहिली. ११ जुलै, माझंच अक्षर: 'आज फोल्डरमध्ये व्हर्जनची फाइल टाकली. आता इथे कायम २० च चालणार. कटकट मिटली. कलिंगड आणलं.'

संध्याकाळी ५.३०

फाइल काढली. आता खरोखर २१ वर टेस्ट चालवल्या.

एकही टेस्ट नापास झाली नाही. कारण एकही सुरूच झाली नाही. इकादा पहिल्याच पायरीला आपटली. वर एक मेसेज आला, पिवळा नव्हे, लाल. कादोवाकी-सानच्या यादीतली पहिलीच जागा.

हिसाए केक घेऊन आली. सज्ज झाली का म्हणे इकादा? मी म्हटलं, किरकोळ काम उरलंय.

२६ डिसेंबर

सकाळी पोस्टात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, दोनशे चाळीस कार्डं परत हवीत. काउंटरवरची मुलगी अतिशय नम्र. तिने दातांतून हवा आत ओढली आणि म्हणाली, "जरा अवघड आहे."

मी इथेच जन्मलो, इथेच वाढलो. दातांतून ओढलेल्या हवेचा अर्थ मला कळतो. 'विचार करतो'चाही कळतो. परतताना मध्येच सोबाचं ते दुकान लागलं. समोरच्या फुटपाथवर गेलो.

२९ डिसेंबर

चार दिवस बसून तीन दुरुस्त्या झाल्या. त्यातल्या दोन मी नव्याने शोधल्या असं वाटलं होतं. मग तिच्या बंद केलेल्या एक्केचाळीस उघडून पाहिल्या. त्या दोन्ही होत्या, माझ्यापेक्षा निम्म्या ओळींत. सतराव्या नंबरची खरंच चांगली आहे. सगळ्याच चांगल्या आहेत. प्रत्येकीखाली माझंच 'गरज नाही'.

कादोवाकी-सानला फोन केला. उचलला नाही. शाळेला सुटी आहे, साफसफाई चालली असेल. वर्षअखेरीला सगळेच आवरतात.

कादोवाकी-सानला मेल लिहायला घेतली. 'आपल्या दुरुस्त्यांचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्याचं मी ठरवलं आहे.' वाचली. खोडली.

३१ डिसेंबर

हिसाएने मला खिडक्या पुसायला लावल्या. पुसता पुसता तिला सगळं सांगून टाकलं. फाइल, शिक्का, एक्केचाळीस. वाटलं, आता ऐकवेल. ती फडकं पिळत राहिली आणि म्हणाली, "एक ओळ होती हो." नंतर तलावातल्या शिजिमी शिंपल्यांचं सूप गरम करून दिलं. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

उद्या सकाळी दोनशे चाळीस घरांत तो घोडा पोचेल.

१ जानेवारी, सकाळी १०.३०

कार्डांचा गठ्ठा आला. सगळ्यात वर माझंच मला. घोडा, तराफा, जगातली पहिली. हिसाएने ते उलटं करून ठेवलं.

नाबेशिमाचं: "आमचे नऊही ठिपके हिरवे झाले. तुम्ही म्हणालात तो शब्द अजून वहीत आहे, शिस्त." आणि खाली लहान अक्षरात: "पार्टीत एक गोष्ट सांगायची राहून गेली. माफ करा."

संघाचं: "फेब्रुवारीपासून आमच्या एकोणीस सराया कादोवाकी-सान यांच्या 'शिजिमी' या प्रतीवर चालतील. तुमच्या कागदावर त्यांचं मत विचारलं, त्यांना खरं सांगावं लागलं. त्यांच्यावर राग धरू नये." म्हणजे माझ्या इकादात त्या एक्केचाळीस दुरुस्त्या घालून केलेली वेगळी प्रत. तिचंच नाव शिजिमी.

ही कार्डंही पंचवीसच्या आतच पेटीत पडली असणार, नाहीतर आज कशी आली असती? म्हणजे यांना सगळं आधीच ठाऊक होतं. मी पाऊण तास बोलत होतो तेव्हा ठाऊक होतं. मी पेल्यात बिअर ओतत होतो तेव्हाही. ठाऊक नव्हतं ते फक्त माझ्या घरातल्या एका माणसाला, आणि तो माणूस हिसाए नव्हे.

कादोवाकी-सानचं कार्ड सगळ्यात खाली होतं. साधं, छापील घोडाही नाही. हाताने लिहिलेलं: "सहा वर्षं शिकवलंत, आभारी आहे. शिजिमीची फाइल कधी उघडलीत तर पहिली ओळ वाचा."

उघडायची नाही असं ठरवलं.

सकाळी ११.१५

उघडली. पहिली ओळ: 'मूळ लेखन कुसाकाबे शिगेफुमि यांचं. यातलं जे चांगलं आहे ते त्यांचं, चुका माझ्या.'

चुका शोधत बसलो. दुपार होत आली, एकही सापडली नाही. हिसाए तिसऱ्यांदा हाक मारतेय, तांदळाची मोची सुपात विरघळून चाललीय म्हणे. चष्मा पुसून जातो.

आज मूर्ख: एक.